विरोधात एकच हात

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, झुरिकपासून दूर डोंगरात असलेल्या रीबीमाट गावात सगळे फार शहाण्यासारखे वागतात. वर्षभर चर्चकडे न फिरकणारी मंडळीसुद्धा त्या दिवशी दुपारी दोनच्या आत शाळेच्या सभागृहात येऊन बसतात, तेही पुढच्या रांगांमध्ये, सगळ्यांना नीट दिसतील अशी. परक्या माणसाला वाटेल, काय हे गावावरचं प्रेम. प्रेम कसलं डोंबलाचं, भीती. त्या दिवशी ग्रामसभेत रिकामी पदं भरतात, आणि जो हजर नसतो त्याचं नाव कोणीतरी हमखास पुकारतं. हजर असलेल्यालाही नाही म्हणता येत नाही म्हणा, पण निदान उभं राहून रडगाणं तरी गाता येतं. पाठ धरली आहे, गाय व्यायली आहे, बायको ऐकणार नाही. रडगाणं चांगलं असलं तर चार लोक विरघळतात.

कायदाच तसा आहे. अठरा पूर्ण झालेली, पासष्ट उलटलेली नाहीत आणि मतदार यादीत नाव आहे, की गाव तुम्हाला दोन वर्षांसाठी कुठल्याही पदावर बसवू शकतं. तुमची इच्छा कोणी विचारत नाही. यातून सुटायला लोकांनी काय काय केलं ते सांगत बसलो तर इथेच संध्याकाळ होईल. एकानं धडधाकट पाय महिनाभर प्लास्टरमध्ये ठेवला. दुसऱ्यानं आपली रहिवासाची कागदपत्रं खालच्या गावात बहिणीच्या पत्त्यावर नेऊन ठेवली, तो रोज इथेच राहतो, इथेच जेवतो, पण गाव अजून त्याला भेटल्यावर विचारतं, "आज झोपायला कुठे?"

सगळ्यात वाईट खातं पाण्याचं. डोंगरातले झरे, वरची टाकी, आणि गावभर जमिनीखाली पसरलेले जुने नळ. नळ कुठेही फुटो, शिव्या पाणीवाल्याला. मागच्या खेपेला अंतोन नावाच्या सुताराच्या गळ्यात हे घोंगडं पडलं, तेव्हा त्यानं टाकीच्या चाव्या खिडकीतून बाहेर भिरकावल्या होत्या, आणि त्या बर्फातून शोधायला अर्धा तास लागला होता. त्यात कोणाला काही गैर वाटलं नाही. निवडून आलेल्यानं चिडायचं, संध्याकाळी खानावळीत येऊन सगळ्या गावाला मनसोक्त शिव्या घालायच्या, आणि गावानं त्या मुकाट ऐकून घ्यायच्या, अशीच रीत आहे. दोन वर्षांपूर्वी बावीस वर्षांच्या सेलिना इम्होफला शाळेच्या कामावर बसवलं, तर ती पोरगी अकरा मिनिटं बोलली, आणि एकही शिवी तिनं दोनदा वापरली नाही. लोक अजून नाव काढतात.

या वर्षी अंतोनची दोन वर्षं संपली होती. म्हणजे पाण्याचं खातं मोकळं होतं, आणि गाव घाबरलेलं होतं.

घाबरला नव्हता तो एकटा दुआर्त तावारेस. वय चोवीस, कामानं प्लंबर, जन्म इथलाच. वडील पोर्तुगालहून बोगद्याच्या कामाला आले आणि इथेच राहिले. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. आई फिलोमेना खालच्या गावात वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कामाला. दुआर्त गावच्या शाळेत शिकला, गावच्या बोलीत भांडायला शिकला, अठराव्या वर्षी गावच्या अग्निशमन पथकात गेला. पण इथे नुसतं जन्मून नागरिकत्व मिळत नाही, ते ग्रामसभा देते; नागरिक झाला तो आत्ता कुठे, मागच्या नोव्हेंबरात, आणि तेही हात वर करून झालेल्या मतदानानं.

ते मतदान त्याच्या घशात अजून अडकलेलं होतं. रीत अशी की अर्जदारानं चर्चेच्या वेळी बाहेर थांबायचं. दुआर्त सभागृहाच्या मागे, लाकडं रचून ठेवली आहेत तिथे, चाळीस मिनिटं उभा होता. थंडी मरणाची. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग दार उघडलं आणि त्याला आकडा सांगितला: बाजूनं एकाहत्तर, विरोधात चौसष्ट. लोकांनी हात मिळवले, पाठ थोपटली. घरी आल्यावर आईनं एकच विचारलं होतं, "किती?" त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि सूप वाढलं.

एकाहत्तर विसरले गेले. चौसष्ट मात्र काही केल्या डोक्यातून जाईनात. कोणाचे होते ते हात? मैत्रीण म्हणून सेलिनाला त्यानं खोदून खोदून विचारलं. तिचं उत्तर ठरलेलं. "सभेतलं सभेत. आणि कळून करणार काय आहेस? त्यांचे नळ बंद करणार?"

"नाही. पण कळलेलं बरं."

"काही बरं नाही. झोप उडेल."

झोप तशीही उडालीच होती. बेकरीत पाव घेताना तो बाईच्या हातांकडे बघायचा. दोन घरं सोडून राहणारा म्हातारा अलोईस गिस्लर आपल्या कुंपणापलीकडून नुसती मान हलवायचा, त्या मान हलवण्यात काय आहे ते दुआर्त शोधत बसायचा. गावात कोणाच्याही बॉयलरखाली डोकं घालून काम करताना मनात तेच: हा बाजूनं होता, की विरोधात? असं जगणं काही खरं नाही. माणूस दमतो.

तर त्या रविवारी आईनं सकाळी कामावर जाण्याआधी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. "पहिली सभा तुझी," ती म्हणाली. "पुढे बस. मागे बसू नकोस चोरासारखा."

"बसतो, आई."

"आणि संध्याकाळी मला सगळं सांग. कोण काय म्हणालं ते."

सत्तावीस वर्षं या गावात काढूनही तिला स्वतःला मत नव्हतं. त्यामुळे मुलानं त्या सभागृहात बसावं याचं तिला किती अप्रूप होतं, ते तिनं बोलून दाखवलं नाही तरी त्या शर्टाच्या कॉलरवरून कळत होतं.

दुआर्त वेळेवर निघालाही. सभागृहापाशी गर्दी होती, लोक एकमेकांना थट्टेनं विचारत होते, "काय, आज कोणाचा नंबर?" कोणी त्याला विचारलं नाही. बरोबरच आहे, त्याला वाटलं, मला कोण विचारणार. तो दारापर्यंत गेला. दाराशेजारी लाकडांची तीच रास, नोव्हेंबरातली, वरचे दोन-तीन थर कमी झालेले. आत दीडशेच्या आसपास माणसं, आणि त्यातले चौसष्ट हात मांडीवर ठेवून बसलेले. त्यानं बुटाचा बंद बांधायला म्हणून वाकल्यासारखं केलं, दोघा-तिघांना पुढे जाऊ दिलं, आणि मग सरळ काढता पाय घेतला.

आता खरं तर गावात जन्मलेल्या माणसानं ही चूक करायची नाही. आज गैरहजर राहायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण दुआर्तच्या मनात तो धोका आलाच नाही. धोका गावातल्या लोकांना असतो. तो आपल्या छोट्या कार्यशाळेत गेला, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि एका जुन्या झडपेचा गंज काढत बसला. आईला काय सांगायचं तेही त्यानं मनात जुळवून ठेवलं. नेहमीचंच झालं, आई. पुढे बसलो होतो. कोणी फारसं काही बोललं नाही.

सव्वातीनला दारावर थाप पडली.

बाहेर तिघं उभी होती. गावची अध्यक्ष रोसमारी फुरर, मागे सुतार अंतोन, आणि त्याच्या मागे सेलिना. रोसमारी ही ठणठणीत बाई, बैलालाही दम देईल. पण आत्ता तिचं तोंड असं झालं होतं की दुआर्तला वाटलं आईलाच काही झालं.

"काय झालं?"

"वाईट वाटून घेऊ नकोस," रोसमारी म्हणाली.

"कशाचं? आई ठीक आहे ना?"

"आई? आईचं काय? ठीकच असेल." ती गोंधळली. "अरे, तू आला नाहीस."

"बरं वाटत नव्हतं," दुआर्त म्हणाला, आणि हातातली झडप मागे लपवली.

"तेच. तू आला नाहीस, आणि पाण्याचा विषय निघाला. कोणीतरी तुझं नाव घेतलं. मी म्हटलं, आणखी कोणी? दुसरं नाव आलं नाही. मग हात वर झाले." तिनं श्वास घेतला. "दोन वर्षं आहेत. बघता बघता जातात."

"जात नाहीत," अंतोन म्हणाला. त्यानं खिशातून चाव्यांचा जुडगा काढला, ओंजळीएवढा, आणि दुआर्तच्या समोर धरला. जड झोळी उतरावी तसा त्याचा खांदा मोकळा झाला होता, आणि ते लपवण्याचे कष्टही तो घेत नव्हता. "ही वरच्या टाकीची. ही अडकते. हिला जरा उचलून फिरवायचं आणि मनात वाटेल ते बोलायचं, मग उघडते."

दुआर्तनं चाव्यांना हात लावला नाही. "किती?" त्यानं विचारलं.

"किती काय?"

"हात. किती होते?"

रोसमारीनं कागद उघडला. "बाजूनं एकशे एकतीस. विरोधात एक."

"चर्चा?"

"चर्चा कसली? दोन मिनिटांत उरकलं. लोकांना घरी जायची घाई."

दुआर्त दाराच्या पायरीवर बसला. नोव्हेंबरात चाळीस मिनिटं, आणि आज दोन. चौसष्टांतले कितीतरी आज त्या एकशे एकतीसांत असणार, दुसरीकडे कुठे जातील. गाव आपल्या माणसांना जसं पकडतं, तसं त्याला पकडलं होतं. विचारलं नाही, बाहेर उभं केलं नाही, कागद मागितले नाहीत. त्याचा जीव इतका भांड्यात पडला की डोळ्यांत पाणीच आलं. ते पुसायला गेला तर हाताला गंज होता, तो गालाला लागला.

रोसमारी घाबरली. "अरे, रडतोस काय? शिव्या घाल. चाव्या फेक हवं तर. अंतोननं फेकल्या होत्या."

"खिडकीतून," अंतोन अभिमानानं म्हणाला.

"विरोधात कोण होतं?" दुआर्तनं विचारलं. इतक्या महिन्यांची सवय, जाते कुठे.

सेलिना पुढे आली. "मी."

"तू?" दुआर्तला हसूच आलं.

"मग काय. मी उठून सांगितलं, बिचाऱ्याला आत्ता कुठे पासपोर्ट मिळालाय, जरा दम खाऊ द्या, एवढ्यात कशाला बळीचा बकरा करता. कोणी ऐकलं नाही. मूर्ख आहेत सगळे." ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "हसू नकोस असा. लोकांना कळलं की तुला आनंद झालाय, तर पुढची दहा वर्षं पाणी तुझ्याकडेच. खानावळीत जा आणि नीट चीड. येतं ना चिडायला?"

"येतं की."

"करून दाखव."

त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. सेलिनानं डोक्याला हात लावला. "देवा. हा तर फोटो काढायला बसलाय."

पाच वाजता खानावळ गच्च भरली होती. लोक पेले घेऊन बसले होते, चेहरे गंभीर, पण डोळ्यांत मजा. शिव्या खायला ही माणसं इतक्या उत्साहानं जमतात, की ज्यानं पाहिलं नाही त्याला खोटं वाटेल. दुआर्त मध्ये उभा राहिला, चाव्या पट्ट्याला लटकवलेल्या. त्यानं घसा साफ केला.

"हे," तो म्हणाला, "काही बरोबर झालं नाही."

लोक वाट बघत राहिले. आणखी काही येईना. कोपऱ्यात कोणीतरी खोकलं. सेलिनानं डोळे मिटून घेतले. दुआर्त शब्द शोधत होता, पण राग हवा तिथे नुसती मोकळीक होती, आणि मोकळ्या मनानं शिव्या सुचत नाहीत.

तेव्हा खिडकीजवळून म्हातारा अलोईस बोलला. शहात्तर वर्षांचा, पदाच्या वयातून केव्हाच सुटलेला, म्हणून सभेत सगळ्यात मोठा आवाज त्याचाच. "नाव मी घेतलं तुझं."

"तुम्ही?"

"हो. आणि नोव्हेंबरात विरोधात बोललो, तोही मीच."

सभेतलं सभेत, हा या गावाचा सगळ्यात जुना नियम, आणि तो असा भर बैठकीत मोडला गेला होता. रोसमारी म्हणाली, "अलोईस, पुरे." पण म्हातारा थांबणारा नव्हता.

"मला वाटलं, कागद मिळाला की हा झुरिकला जाणार. माझे दोघे मुलगे गेले. त्यांना तर कागदाचीही गरज नव्हती." त्यानं पेला टेबलावर ठेवला. "तू सहा महिने झाले तरी इथेच. मग म्हटलं, राहतोयस तर राब."

आणि मग आला राग. कुठून आला ते दुआर्तलाही कळलं नाही; पण आला तो सहा महिन्यांचा साठलेला.

"जाणार?" तो म्हणाला. "मी जाणार? तुमच्या गोठ्याला आग लागली तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. पाईप कोणी धरला होता? तुमची ती शिंगं मारणारी लाल गाय कोणी बाहेर ओढली? माझी बरगडी मोडली तिनं. आणि तुम्ही काय विचारलंत मला, धुरात उभे राहून? कोणाचा रे तू? तुमच्यापासून तिसऱ्या घरात जन्मलोय मी, अलोईस. लहानपणी तुमचीच सफरचंदं चोरलीत. आंबट होती, तेही सांगतो. मी चाळीस मिनिटं त्या लाकडांपाशी उभा होतो आणि तुमच्यापैकी एकाला, एकशे पस्तीस माणसांत एकाला, बाहेर एक खुर्ची आणून ठेवावीशी वाटली नाही. आणि आता पाणी? कोणाचं पाणी? तुमच्या आजोबांनी नळ घातले, तेही दारू पिऊन घातले, आणि कुठून कुठे नेलेत ते कोणाला न सांगता मेले. बेकरीचा नळ चर्चखालून का जातो? सांगेल कोणी? पाद्रीबाबा कणीक मळतात का? आणि तू, अंतोन, दोन वर्षं ती झडप दोरीनं बांधून ठेवलीस, मी पाहिलीय, दोरीनं, सुतार असून लाज नाही वाटली..."

इथून पुढे त्याला गावची बोली पुरेना आणि तो पोर्तुगीजमध्ये गेला. वडील बोगद्यातून घरी येऊन जे बोलायचे आणि आई ज्यासाठी खिडक्या लावून घ्यायची, ते सगळं त्या खानावळीत झालं. कोणाला एक शब्द कळला नाही आणि सगळ्यांना सगळं कळलं.

तो थांबला तेव्हा त्याला धाप लागली होती. मग सेलिनानं घड्याळाकडे पाहिलं. "नऊ मिनिटं," ती म्हणाली. "माझा विक्रम शाबूत आहे."

हशा असा उसळला की पेले टेबलावर खणखणले. अंतोननं दोरीबद्दल माफी मागितली. बेकरीवाली बाई डोळे पुसत म्हणत होती, "पाद्रीबाबा आणि कणीक." कोणीतरी दुआर्तला बाकावर जागा करून दिली, कोणीतरी समोर पेला सरकवला. अलोईस मात्र हसला नाही. तो उठला, सावकाश चालत आला, आणि दुआर्तच्या समोर उभा राहिला.

"खुर्ची आणायला हवी होती," तो म्हणाला. "ते चुकलं."

दुआर्त बाकावर थोडा सरकला. म्हातारा बसला.

जरा वेळानं अलोईस म्हणाला, "माझ्या नळाला नाताळपासून धार नाही."

"उद्या सहाला येतो. जागे राहा."

"मी चारला उठतो."

"मग चहा करून ठेवा."

साडेसातला तो घरी आला तेव्हा फिलोमेना कामावरून परतली होती, चुलीपाशी उभी. तिनं वळून न पाहताच विचारलं, "कशी झाली सभा? पुढे बसलास ना?"

जुळवून ठेवलेलं उत्तर तयार होतं. पण आजच्या दिवशी ते जिभेवर येईना. "आई, मी आत गेलोच नाही. दारातून परत आलो."

तिचा हात थांबला. ती वळली, आणि तिचा चेहरा पाहून त्याला वाटलं, नोव्हेंबरातली ती चाळीस मिनिटं हिनेही कुठेतरी काढली असणार. ती काही बोलायच्या आत त्यानं चाव्या टेबलावर ठेवल्या, मिठाच्या डब्याशेजारी. या गावात त्या चाव्या कोण ओळखत नाही? अंतोनच्या खिडकीतून पडलेल्या चाव्या शोधायला तीही बर्फात गुडघ्यांवर बसली होती.

मग तिनं हळूच विचारलं, "किती?"

"एकशे एकतीस."

"आणि विरोधात?"

"एक."

फिलोमेना खुर्चीवर बसली. तिनं चाव्या उचलल्या, कमरेला खोचलेल्या फडक्यानं एक एक करून पुसल्या, अंतोनच्या हाताचं जे काही होतं ते काढून टाकलं. मग उठून दाराशेजारच्या खिळ्यावर अडकवल्या. त्या खिळ्याला पूर्वी बोगद्यातलं हेल्मेट असायचं. सहा वर्षं तो रिकामा होता.

"तो एक कोण?" तिनं पाठमोरंच विचारलं.

"सेलिना. म्हणाली, पोराला जरा दम खाऊ द्या."

फिलोमेनानं दोन ताटल्या काढल्या, सूप वाढलं, आणि पावाचा मोठा तुकडा त्याच्याकडे सरकवला.

"चांगली मुलगी आहे," ती म्हणाली. "रविवारी जेवायला बोलव तिला."